'इथे पाहा' म्हणजे नेमकं कुठे? ऑनलाइन डेटाबेसमधल्या लिंका आणि आपलं संशोधन

संशोधनाची तयारी करत असाल तर तुमच्याकडे एक तक्ता असणारच. लेखाचं नाव, लेखक, वर्ष, शेरा आणि शेवटी 'लिंक'. सुरुवातीला हा शेवटचा रकाना निरुपद्रवी वाटतो. पन्नासेक नोंदी झाल्या की तोच सगळ्यात जास्त जागा खातो. दोन-दोन ओळींचे पत्ते, मध्येच प्रश्नचिन्हं, टक्केचिन्हं, बरोबरची चिन्हं.

मराठीत काम करणाऱ्यांना हा त्रास जरा जास्तच. मराठी विकिपीडियावरच्या पानाचा पत्ता ब्राउझरच्या पट्टीत देवनागरीत छान दिसतो, पण कॉपी करून तक्त्यात चिकटवला की बहुतेक वेळा त्याचा चुरा होतो. कारण साधं आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरं. 'महाराष्ट्र' या शब्दात काने आणि हलन्त धरून दहा चिन्हं आहेत. पत्त्यात त्याची नव्वद अक्षरं होतात. असा रकाना बघून डोकं दुखणार नाही तर काय होईल?

म्हणून ऑनलाइन डेटाबेस वापरणारे लोक वर्षानुवर्षं एकच मागणी करत आलेत: लिंक आम्हाला हवी तशी दाखवता येऊ द्या. आज या मागणीची, आणि तिला मिळालेल्या उत्तरांची, जरा तपासणी करू. माझं मत आधीच सांगते. मागणी रास्त आहे, पण अर्धी आहे. ती अर्धीच पूर्ण झाली तर संशोधकाचं नुकसान होतं. माझं झालेलं आहे.

एका मागणीत तीन मागण्या

'लिंक हवी तशी' म्हणजे काय, हे नीट पाहिलं तर तीन वेगळ्या गोष्टी निघतात.

पहिली, पत्त्याऐवजी नाव दिसावं. म्हणजे तो लांबलचक पत्ता मागे राहील आणि समोर 'जलनीती अहवाल' असं काहीतरी दिसेल.

दुसरी, लिंक आपोआप तयार व्हावी. एका रकान्यात नुसता क्रमांक टाकला की सॉफ्टवेअरने त्यापुढे ठरलेला पत्ता जोडून लिंक बनवावी. प्रत्येक ओळीत हाताने चिकटवायला नको.

तिसरी, आपल्या डेटाबेसमधल्या नोंदीचा स्वतःचा पत्ता आपल्याला ठरवता यावा. अक्षर-आकड्यांच्या अर्थहीन माळेऐवजी त्यात नोंदीचं नाव असावं.

तिन्ही मागण्या एकाच श्वासात केल्या जातात आणि तिथेच घोळ होतो. पहिली दिसण्याची आहे, दुसरी रचनेची आहे, तिसरी ओळखीची आहे. तिघींना एकच उत्तर चालणार नाही.

सॉफ्टवेअर काय देतं?

एअरटेबलचं उदाहरण घेऊ, कारण आपल्यापैकी बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. तिथे यूआरएल नावाचा एक फील्डप्रकार आहे. त्यात तुम्ही जे टाकाल तेच दिसतं, म्हणजे अख्खा पत्ता. नाव द्यायला वेगळी जागा नाही. मग पर्याय काय? एक म्हणजे बटण. त्यावर 'उघडा' असं लिहिता येतं आणि मागे सूत्राने पत्ता तयार करता येतो. म्हणजे दुसरी मागणी बऱ्यापैकी भागते. पण बटणावरचा मजकूर सगळ्या ओळींना एकच. तीनशे ओळी, तीनशे 'उघडा'. दुसरा पर्याय मोठ्या मजकुराच्या फील्डचा. त्यात फॉरमॅटिंग चालू केलं की शब्दांना लिंक जोडता येते. दिसायला छान, पण तो मजकूर झाला, लिंकचं फील्ड नव्हे. त्यातून पत्ता वेगळा काढायचा तर पुन्हा खटाटोप.

गंमत म्हणजे हा प्रश्न नवा नाही आणि त्याचं उत्तरही नवं नाही. वेबच्या मूळ भाषेत, एचटीएमएलमध्ये, लिंकचे दोन भाग सुरुवातीपासून वेगळे आहेत: कुठे जायचं ते आणि काय दिसेल ते. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस ९७ या डेस्कटॉपवरच्या डेटाबेसमध्ये हायपरलिंक नावाचा फील्डप्रकार आला, त्यात तर तीन भाग होते: दिसणारं नाव, पत्ता आणि त्या फाइलमधली नेमकी जागा. मध्ये हॅशचं चिन्ह टाकून तिन्ही भाग एकाच फील्डमध्ये साठवले जात. शेअरपॉइंटच्या याद्यांमध्येही लिंकच्या रकान्याला पत्ता आणि वर्णन अशा दोन चौकटी असतात. म्हणजे जमणार नाही अशी ही गोष्टच नाही. एका फील्डमध्ये एकच मूल्य ठेवायचं, हा सोपा मार्ग निवडल्यामुळे वापरणाऱ्याला दिसणं आणि असणं यातलं एक निवडावं लागतं. माझा पहिला आक्षेप यावर आहे.

आता माझी फजिती

माझा विषय गावपातळीवरच्या पाणी योजनांचा. पहिल्या वर्षी मी एका प्रकल्पाच्या खात्यावर ऑनलाइन तक्ता केला. शासन निर्णय, बातम्या, अहवाल, स्थानिक संस्थांची पानं, सगळं त्यात. लांब पत्ते डोळ्यांना खुपायला लागले म्हणून मी प्रत्येक लिंकला नाव दिलं. कुठे 'इथे पाहा', कुठे 'पीडीएफ', कुठे 'बातमी'. तक्ता इतका देखणा झाला की दोन मैत्रिणींनी त्याची नक्कल मागितली.

प्रकल्प संपला, खातं बंद होणार होतं. मी शहाण्यासारखा सगळा तक्ता सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घेतला आणि निश्चिंत झाले. उघडून पाहिला नाही. चार महिन्यांनी सिनॉप्सिसच्या वेळी आमच्या गाइड मॅडमना संदर्भांची यादी दिली. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "अगं, हे 'इथे पाहा' म्हणजे कुठे पाहायचं?"

फाइलमध्ये फक्त नावं होती. पत्ता एकही नाही.

यात सॉफ्टवेअर बिघडलं नव्हतं, हे लक्षात घ्या. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळा केलेला साधा मजकूर. त्यात सूत्र जात नाही, सूत्राचं उत्तर जातं. लिंक जात नाही, तिचं दिसणारं नाव जातं. एक्सेल असो की गूगल शीट्स, हायपरलिंकच्या सूत्राने नाव दिलेली लिंक सीएसव्हीत गेली की मागे नावच उरतं. हे मला माहीत नव्हतं आणि उतरवताना कोणी सांगितलंही नाही.

पुढचे तीन आठवडे मी शोधाशोध केली. त्यात एक गोष्ट कळली, तीच या लेखाचं कारण. शासन निर्णयांच्या ओळी जवळपास सगळ्या परत मिळाल्या. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाच्या शेवटी तो कोणत्या संकेतस्थळावर आहे आणि त्याचा संकेतांक काय, हे छापलेलं असतं. तिथे मी आळसाने 'इथे पाहा' न लिहिता तो संकेतांकच नाव म्हणून चिकटवला होता. क्रमांक टाकला की कागद हजर. उलट बातम्या आणि स्थानिक संस्थांची पानं, जिथे मी 'बातमी' असं सुबक नाव दिलं होतं, त्यातली बरीच गेली ती गेलीच. एका गावाबद्दलचं माझं अख्खं उपप्रकरण त्यांच्यावर उभं होतं. ते काढून टाकावं लागलं.

पत्ता, नाव आणि ओळख

या फजितीतून जो फरक कळतो तो तुम्ही आत्ताच शिकून घ्या. एखाद्या स्रोताला तीन गोष्टी असतात. नाव माणसासाठी. पत्ता मशीनसाठी, तो आज आहे तिथला. आणि ओळख, म्हणजे जागा बदलली तरी न बदलणारा क्रमांक.

पत्ते बदलतात, हे नुसतं वैतागून म्हटलेलं वाक्य नाही. हार्वर्डमधल्या झिट्रेन, अल्बर्ट आणि लेसिग यांनी केलेल्या अभ्यासात, हार्वर्ड लॉ रिव्ह्यू आणि तिथल्या इतर कायदेविषयक नियतकालिकांतल्या ७० टक्क्यांहून अधिक लिंका, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतल्या ५० टक्के लिंका, मूळ उद्धृत मजकुरापर्यंत पोचत नसल्याचं आढळलं. सर्वोच्च न्यायालयाची ही गत, तर आपल्या तक्त्याचं काय घेऊन बसलात!

म्हणूनच डीओआय आला. शोधनिबंध प्रकाशकाच्या एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर गेला तरी डीओआय तोच राहतो. प्रकाशकाने फक्त मागचा पत्ता बदलायचा. आणि बघा, डीओआय नोंदवणारी क्रॉसरेफ ही संस्था २०१७ पासून सांगते की डीओआय पूर्ण लिंकच्या रूपातच दाखवा. म्हणजे ज्यांचं कामच लिंकांचं आहे ते पत्ता लपवा म्हणत नाहीत, उघड दाखवा म्हणतात. कागदावर छापलं तरी वाचता यावं, हे त्यातलं साधं शहाणपण.

आपल्याकडचं उदाहरण शोधगंगेचं. इन्फ्लिबनेटच्या या भांडारात प्रत्येक प्रबंधाला १०६०३ ने सुरू होणारा हँडल क्रमांक असतो. पुष्कळ विद्यार्थी तो डीओआय समजून यादीत टाकतात. डीओआयची सुरुवात दहा आणि मग टिंब अशी होते. इथे टिंब नाही. यंत्रणा सख्खी आहे, कारण डीओआयही हँडल प्रणालीवरच चालतो, पण दोन्ही एक नव्हेत.

आता मघाच्या तिसऱ्या मागणीकडे. नोंदीच्या पत्त्यात आपलं नाव हवं, ही मागणी मला पटत नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच सांगून ठेवलंय की पत्ता टिकायला हवा असेल तर त्यात लेखकाचं नाव, विषय, 'कच्चा मसुदा' असली स्थिती, यातलं काही घालू नका. कारण हे सगळं बदलतं. प्रकरणाचं नाव तुम्ही दहा वेळा बदलणार आहात. ती अर्थहीन माळ कुरूप आहे खरी, पण ती कशालाच बांधलेली नाही म्हणून टिकते.

दुसऱ्या मागणीचं मात्र मी मनापासून समर्थन करते, आणि तिचं उत्तम उत्तर विकिडेटाने दिलंय. तिथे बाहेरच्या स्रोताचा फक्त क्रमांक साठवतात. लिंक कशी बनवायची याचा साचा एकदाच, त्या गुणधर्माच्या पानावर लिहिलेला असतो. क्रमांकाची जागा त्यात मोकळी सोडलेली. उद्या त्या संस्थेने संकेतस्थळ बदललं तर साचा एका जागी बदलायचा, सगळ्या नोंदी आपोआप सुधारतात. लाखो लिंका हाताने दुरुस्त करायची गरज नाही. ऑनलाइन डेटाबेसच्या प्रत्येक कंपनीने हे नीट पाहावं.

मग मागायचं काय, करायचं काय?

'लिंकला नाव देऊ द्या' एवढंच मागून थांबू नका. नाव आणि पत्ता दोन्ही ठेवा, मला हवं ते दाखवा, आणि डेटा बाहेर काढताना दोन्ही द्या, अशी पूर्ण मागणी करा. शेवटचा भाग लोक विसरतात. सॉफ्टवेअर निवडताना ते दिसतं कसं हे आपण अर्धा तास पाहतो, त्यातून बाहेर कसं पडायचं हे पाच मिनिटंही पाहत नाही.

तोवर तुमच्या तक्त्यात एका 'लिंक' रकान्याचे चार करा:

१. स्रोताचं पूर्ण नाव. 'पीडीएफ' आणि 'इथे पाहा' ही नावं नव्हेत.
२. कायमचा क्रमांक असेल तर तो: डीओआय, हँडल, शासन निर्णयाचा संकेतांक.
३. पत्ता, साध्या मजकुरात, आहे तसा. कुरूप दिसला तर रकाना लपवा, पुसू नका.
४. तुम्ही पान पाहिल्याची तारीख, आणि जमल्यास वेबॅक मशीनवर जतन केलेल्या प्रतीचा पत्ता.

देखणी लिंक हवीच असेल तर पाचवा रकाना करा आणि ती या चारांवरून सूत्राने बनवा. ती उडाली तरी काही बिघडत नाही, पुन्हा बनवता येते.

कोणी म्हणेल, एवढा व्याप कशाला, झोटेरो आहे की. वापरा, जरूर वापरा. शोधनिबंधांसाठी मीही तेच वापरते. पण क्षेत्रकार्याच्या नोंदी, फोटो, ठराव, बातम्या हे सगळं शेवटी कुठल्यातरी तक्त्यातच येऊन पडतं. तिथे ही शिस्त आपली आपणच पाळायची असते.

आज रात्री एकच करा. तुमचा तक्ता सीएसव्हीत उतरवा आणि तो एक्सेलमध्ये नाही, नोटपॅडमध्ये उघडा. तिथे जे दिसतंय तेवढंच तुमच्याकडे आहे. पत्ते दिसले तर शांत झोपा. नाही दिसले, तर खातं चालू आहे तोवर उद्या सकाळी चार रकाने करायला बसा.