मौनाचा अर्थ : ‘टीपीएस ६५२१७’च्या ड्रायव्हरचे एक परीक्षण

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीची ‘टीपीएस ६५२१७’ ही चिप वीजपुरवठ्याचे नियमन करते. २०११ मधील बीगलबोन व २०१३ मधील बीगलबोन ब्लॅक या छोट्या संगणक-फलकांवर ती बसविलेली आहे. बाहेरून आलेली पाच व्होल्टांची वीज घेऊन तीन डीसी-डीसी परिवर्तक व चार एलडीओ नियामक यांच्या द्वारा ती प्रोसेसर, स्मृती व इतर भाग यांना आवश्यक तेवढा विद्युत्दाब पुरविते. लिनक्सच्या कर्नेलमध्ये २०१२ पासून या चिपसाठी जो ड्रायव्हर आहे, त्याचे परीक्षण येथे करावयाचे आहे. आज्ञावलीची परीक्षा हे अभियंत्याचे काम. भाषेच्या अभ्यासकाचा तेथे संबंध काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु हा ड्रायव्हर स्वतःच एक वाचक आहे. त्याच्यापुढे एक संहिता असते, आणि त्याचे गुणदोष हे बव्हंशी वाचनाचेच गुणदोष आहेत.

ही संहिता म्हणजे ‘डिव्हाइस ट्री’. तिची कुळी ‘ओपन फर्मवेअर’पर्यंत, म्हणजे आयईईई १२७५ या १९९४ च्या प्रमाणकापर्यंत जाते. एआरएम प्रोसेसरांच्या बाबतीत पूर्वी प्रत्येक फलकाचे वर्णन कर्नेलच्या पोटातच सी भाषेत लिहिले जाई. फलक वाढले तशी ही बाडेही वाढली. २०११ च्या मार्चमध्ये लिनस टॉर्व्हल्ड्स यांनी या पसाऱ्याविषयी उघड नापसंती दर्शविली, आणि त्यानंतर ही वर्णने डिव्हाइस ट्रीमध्ये मांडण्याच्या कामास वेग आला. या संहितेत क्रियापद नाही. शाखा, उपशाखा, गुणधर्म आणि त्यांची मूल्ये एवढेच तिचे व्याकरण. फलकावर काय आहे ते तिने सांगावे. काय करावयाचे ते ड्रायव्हरने ठरवावे, असा हा श्रमविभाग आहे.

ड्रायव्हरचे अंतरंग पाहिले असता तो काळजीपूर्वक लिहिलेला आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. चिपमधील महत्त्वाची रजिस्टरे परवलीच्या शब्दाने रक्षिलेली आहेत. रजिस्टराचा क्रमांक व १२५ ही ठरावीक संख्या यांच्या द्विमान अंकांतील भेदावरून तो शब्द बनतो. परिवर्तक चालू वा बंद करणे हे पहिल्या पातळीचे रक्षण. तेथे परवल एकदा द्यावी लागते. दाब बदलणे ही दुसरी पातळी. तेथे परवल व मूल्य ही जोडी दोनदा लिहावी लागते. शिवाय परिवर्तकाला नवे मूल्य देऊन भागत नाही. ‘गो’ नावाचा एक बिट निराळा उभारल्याखेरीज दाब बदलतच नाही. हा सारा विधी ड्रायव्हरने एका ठिकाणी गोळा करून इतर आज्ञावलींना त्याच्या कटकटीतून मुक्त केले आहे. येथे दोष काढण्यास जागा नाही.

दोष आहे तो अन्यत्र. संहिता बोलते तेव्हा तिचा अर्थ लावणे सोपे असते. ती गप्प राहते तेव्हा वाचकाची खरी कसोटी लागते. पाणिनीच्या व्याकरणात लोप पावलेल्या प्रत्ययालाही कार्य असते, हे विद्यार्थ्यांना परिचित आहे. डिव्हाइस ट्रीमध्येही न लिहिलेल्या शब्दाला कार्य असते. मात्र ते प्रत्येक ठिकाणी सारखे नसते.

पहिले उदाहरण दाबाचे. ड्रायव्हरच्या कोष्टकाप्रमाणे तिन्ही परिवर्तकांना ०.९ पासून ३.३ व्होल्टांपर्यंतची मूल्ये सांगता येतात. प्रोसेसरच्या गाभ्याला ३.३ व्होल्ट मिळाले तर तो टिकणार नाही. बीगलबोन ब्लॅकच्या वर्णनात गाभ्याचा पुरवठा करणाऱ्या तिसऱ्या परिवर्तकासाठी ९,२५,००० ते ११,५०,००० मायक्रोव्होल्ट अशी मर्यादा लिहिलेली आहे. चिपचे सामर्थ्य आणि फलकाची सहनशक्ती यांच्यामधील कुंपण ते हेच. ही मर्यादा लिहिलीच नाही तर? अशा वेळी कर्नेलची नियामक-व्यवस्था दाब बदलण्याची परवानगीच देत नाही. येथे मौनाचा अर्थ निषेध असा आहे, आणि तो सुरक्षित आहे.

दुसरे उदाहरण ‘ऑल्वेज-ऑन’ या गुणधर्माचे. ज्या पुरवठ्यावर हा शब्द नाही व ज्याचा कोणी उपभोक्ता नोंदलेला नाही, तो निरुपयोगी समजून कर्नेल आरंभविधीच्या अखेरीस बंद करू शकते. येथे मौनाचा अर्थ अनुज्ञा असा झाला. प्रोसेसरच्या पुरवठ्याबाबत असा विसर पडला तर फलक तत्काळ बंद पडेल. चूक गंभीर खरी. पण ती लपत नाही, आणि लिहिणारा त्याच दिवशी ती सुधारतो.

तिसरे उदाहरण या ड्रायव्हरचे स्वतःचे आहे, आणि आक्षेप घ्यावयाचा तो त्यावर. ‘पीएमआयसी-शटडाउन-कंट्रोलर’ असा एक गुणधर्म आहे. तो लिहिलेला असेल तर संगणक बंद करताना चिप पूर्ण बंद अवस्थेत जाते. लिहिलेला नसेल तर ती निद्रावस्थेत जाते व घड्याळाचा पुरवठा चालू राहतो. बीगलबोनच्या बहुतेक आवृत्त्यांना ही निद्रावस्था मानवत नाही. तिच्यात शिरल्याने फलकाला इजा होण्याचा धोका असतो. २०१५ मध्ये या प्रश्नाची चर्चा झाली, आणि बीगलबोन कुलाच्या सामाईक वर्णनात हा गुणधर्म टीपेसह आला. धोका कोणता, शब्द काढावयाचा तर काय पडताळावे, बंद केल्यावर प्रवाह एक मिलिअँपियरहून कमी भरतो की नाही ते कसे पाहावे, हे ती टीप सांगते. टीप उत्तम आहे. पण ती माणसासाठी आहे. वर्णनाचे यंत्ररूप सिद्ध होताना टीपा गळून जातात, आणि ड्रायव्हरला त्यातले काहीच दिसत नाही.

म्हणजे येथे मौनाचा अर्थ धोका असा आहे, आणि हा धोका दिसत नाही. दिवे मालवतात, फलक बंद झाला असे वाटते, आणि हानी मात्र आत चालू राहू शकते. बीगलबोनची रचना खुली असल्याने तिच्यावरून इतरांनाही फलक घडविता येतात. त्यांच्यापैकी कोणी सामाईक वर्णन न घेता स्वतःचे लिहिले, तर एका विसरलेल्या शब्दाची किंमत त्याच्या फलकाला मोजावी लागेल. नावही मदतीस येत नाही. ते चिपची भूमिका सांगते. निद्रा आणि पूर्ण बंद यांतील भेद सांगत नाही. गुणधर्म लिहिलेला असूनही चिपला तसे सांगण्यात अपयश आले, तर ड्रायव्हर केवळ एक इशारा नोंदवून पुढे जातो, ही त्याच उदासीनतेची दुसरी खूण होय.

ड्रायव्हरच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद आहे. जे सांगितलेले नाही त्याला हात न लावणे हा सद्गुणच आहे. चिपची मूळ स्थिती तशी, म्हणून ड्रायव्हरही तसाच. आज हा क्रम उलटा करावा तर ज्या फलकांना निद्रावस्था मानवते त्यांची जुनी वर्णने नव्या कर्नेलखाली निराळी वागू लागतील. एकदा प्रसृत झालेला गुणधर्म हा करार असतो. जुने वर्णन नव्या कर्नेलवर चाललेच पाहिजे. हा युक्तिवाद मान्य करावा लागतो, आणि दोषाचे गांभीर्यही त्यातच आहे. ड्रायव्हरमधील चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होते. शब्दयोजनेतील चूक एकदा लोकांच्या हाती गेली की तिला टीप जोडता येते, ती परत घेता येत नाही.

म्हणून अशा ड्रायव्हरचे परीक्षण करणाऱ्याने आज्ञावलीआधी तिचा शब्दसंग्रह हाती घ्यावा आणि प्रत्येक गुणधर्माला एकच प्रश्न विचारावा : हा लिहिणाऱ्याने विसरला तर काय होईल? उत्तर ‘काही बिघडणार नाही’ असे असावे. निदान ‘बिघाड लगेच दिसेल’ असे तरी असावे. ‘टीपीएस ६५२१७’चा ड्रायव्हर परवलीची शिस्त काटेकोरपणे पाळतो. पण ज्या एका शब्दावर फलकाचे आयुष्य अवलंबून आहे, तो मात्र त्याने ऐच्छिक ठेवला आहे.