सहा अक्षरांचे साम्य : प्रथिन-परीक्षणातील एका पद्धतीची चिकित्सा

जामनेर तालुक्यातील कपाशीच्या पानांत आज एका जिवाणूचे प्रथिन तयार होते. क्राय-१-एसी हे त्याचे नाव. बीटी कापसाला भारतात २००२ साली संमती मिळाली. सरकीच्या शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही; त्यामुळे जेवणाराचा प्रश्न तेथे फारसा उद्भवला नाही. तेच प्रथिन वांग्यात आणण्याचे ठरले तेव्हा मात्र तो उद्भवला, आणि भरिताच्या प्रांतात तो क्षुल्लक नव्हे. बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती मिळाली ती अनेक कारणांनी. येथे विचार करावयाचा आहे तो केवळ एका परीक्षा-पद्धतीचा.

अमिनो आम्लांना २० अक्षरे मानून प्रथिन एका ओळीत लिहावयाचे आणि ठराविक रुंदीची खिडकी त्या ओळीवरून सरकवीत न्यावयाची, ही युक्ती संदेशांचे पृथक्करण करणाऱ्या अभियंत्यांच्या नित्य परिचयाची. तीच स्वीकारून अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली दंडक सुचविला : ८० अक्षरांच्या पट्ट्यात ज्ञात ॲलर्जीकारक प्रथिनाशी ३५ टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास, किंवा सलग ६ अक्षरे जुळल्यास, नवे प्रथिन संशयास्पद समजावे.

दुसरा निकष भाषाभ्यासकाला प्रथमदर्शनीच खटकतो. ‘नवरा’ आणि ‘नवरात्र’ यांची तीन अक्षरे जुळतात, म्हणून अर्थाचे नाते सिद्ध होत नाही. सहा अक्षरांच्या संभाव्य रचना ६ कोटी ४० लाख. परंतु १,००० अक्षरांचे प्रथिन २ लाख अक्षरांच्या संग्रहाशी ताडून पाहिल्यास तुलना सुमारे २० कोटी होतात, म्हणजे निव्वळ योगायोगानेच तीनेक जुळण्या अपेक्षित. (सर्व अक्षरे सारख्याच प्रमाणात येतात, असे येथे गृहीत धरले आहे.) खिडकी ८ अक्षरांची केली की ही अपेक्षा चारशेपटीने घटते. २००३ च्या कोडेक्स मार्गदर्शिकेने सहाचा आग्रह सोडून निवडलेल्या रुंदीचे शास्त्रीय समर्थन मागितले, हे योग्यच झाले.

याच्या उलट दिशेचा दोष अधिक गंभीर आहे. प्रतिद्रव्य ओळ वाचीत नाही. घडी पडलेल्या प्रथिनाचा पृष्ठभाग चाचपते. ओळीत शंभर अक्षरे दूर असलेली आम्ले घडीत शेजारी येतात. ‘जर’ आणि ‘तर’ यांच्यामध्ये कितीही शब्द आले तरी वाक्याचा अर्थ त्या दोघांच्या संबंधावर ठरतो. अरुंद खिडकीला तो संबंध दिसणारच नाही. पुणे विद्यापीठात कोळस्कर व टोणगावकर यांनी १९९० साली सात अक्षरांच्या खिडकीने प्रतिद्रव्यांची सलग बंधस्थाने वर्तविली व सुमारे ७५ टक्के यश नोंदविले. पद्धत सुबोध होती आणि पुढे पुष्कळ वापरली गेली. परंतु २००५ मध्ये ब्लाइथ व फ्लॉवर यांनी अमिनो आम्लांच्या ४८४ गुणश्रेणी ५० प्रथिनांवर पडताळून पाहिल्या, तेव्हा सलग बंधस्थानांच्या बाबतीतही त्यांतील सर्वोत्तम श्रेणी यादृच्छिक निवडीहून किंचितच सरस ठरली.

कोडेक्सने अनुक्रम-तुलनेच्या जोडीला पेप्सिनची चाचणी ठेविली आहे. ती खिडकीची ही उणीव भरून काढीत नाही. प्रथिन किती लवकर मोडते, एवढेच ती सांगते. न मोडलेल्या घडीवर कोणते प्रतिद्रव्य बसेल, हे नव्हे.