गव्हाणीतील बाळ आणि मराठी ओवी

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चे मराठी वाङ्मयेतिहासातील स्थान काहीशा विचित्र रीतीने निश्चित झालेले आहे. पहिल्या अवस्वरातील मराठी भाषेची स्तुती करणाऱ्या चारदोन ओव्या पाठ्यपुस्तकांतून आणि व्याख्यानांतून सतत उद्धृत होतात. उरलेल्या जवळजवळ अकरा हजार ओव्या न वाचताच ग्रंथाचा गौरव पूर्ण होतो. परकीयाच्या तोंडची स्तुती सुखद असते, हे मान्य. परंतु या ग्रंथाचा विषय मराठी भाषा हा नाही. त्याचा विषय एक जन्म हा आहे. १६१६ साली साष्टीतील रायतूर (राशोल) येथे रोमन लिपीत छापलेल्या पहिल्या आवृत्तीचे पोर्तुगीज शीर्षकच मुळी ‘येशू ख्रिस्त या आमच्या तारकाच्या जगातील आगमनाविषयी विवेचन’ अशा अर्थाचे होते. ‘पुराण’ ही संज्ञा पुढे रूढ झाली. या दृष्टीने पाहिले असता ग्रंथाची रचना उलगडते. जुन्या करारावरील ‘पहिले पुराण’ ही प्रतीक्षेची कथा आहे आणि ‘दुसरे पुराण’ ही आगमनाची.

ही कथा कोणासाठी रचिली गेली, याचे उत्तर कवीनेच ग्रंथारंभी दिले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विनवितो, की आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? या विनंतीत केवळ जिज्ञासा नाही. तिच्यात रितेपणाची तक्रार आहे आणि ती तक्रार ग्रंथात नोंदविण्याचा प्रामाणिकपणा स्टीफन्स यांनी दाखविला, ही लहान गोष्ट नव्हे.

श्रोत्यांच्या कानांत तोवर दुसरी एक जन्मकथा घर करून होती. भागवताच्या दशमस्कंधातील कृष्णजन्म त्यांना हरिकथेतून, पाळण्यांतून परिचित होता. दोन्ही कथांतील साम्य कोणाही श्रोत्याच्या सहज ध्यानी यावे असे आहे: रात्रीची वेळ, भयभीत राजा, त्याने मांडलेला बालसंहार, बाळाला घेऊन दूरदेशी नेणारा पिता, आणि प्रथम आनंदित होणारे ते गुरे-मेंढरे राखणारे लोक. एवढ्या साम्यावरून ‘ख्रिस्तपुराण’ म्हणजे कृष्णकथेवर चढविलेला ख्रिस्ती साज, असा निष्कर्ष काढण्याची घाई काही अभ्यासकांनी केली आहे. ती अनाठायी आहे. हेरोद, मेंढपाळ व मिसरदेशी पलायन हे सारे मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतून आलेले आहे; स्टीफन्स यांना त्यासाठी गोकुळात जाण्याचे कारण नव्हते. त्यांनी घेतली ती ओवी, घेतला तो पुराणकथनाचा संथ, श्रवणसुलभ बाज, आणि ‘वैकुंठा’सारखी शब्दसंपदा. कुमारी मरियेसाठी ‘अंकुवारी’ हा शब्दही त्यांनी या भूमीतूनच घेतला.

साम्याहून महत्त्वाचा आहे तो भेद, आणि मराठी ओवीची खरी कसोटी तेथेच लागते. पुराणातील दिव्य जन्म हा सामर्थ्याचा आविष्कार असतो. कृष्ण जन्मताच बंदिशाळेची दारे उघडतात, यमुना वाट देते, आणि पाळण्यातील बाळ पूतनेचे प्राण शोषून घेते. बेथलेहेमच्या बाळाच्या हातून असे काहीच घडत नाही. आकाशात देवदूत गातात, तारा दिसतो. पण खुद्द बाळ असहाय आहे. त्याला धर्मशाळेत जागा मिळत नाही आणि तो जनावरांच्या चाऱ्याच्या जागी निजतो. मराठी बायबलच्या अनुवादांनी या प्रसंगी ‘गव्हाण’ हा शब्द वापरला आहे. शेतकऱ्याच्या गोठ्यातला हा रोजचा शब्द ईश्वराच्या जन्माशी जोडला जावा, ही मराठी भाषेच्या अर्थक्षेत्रात घडलेली एक शांत क्रांतीच होय. (‘नाताळ’ हा शब्द आपण सणाचे विशेषनाम म्हणून वापरतो, पोर्तुगीजांकडून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘जन्माचा’ एवढाच आहे.)

तथापि या क्रांतीचे गुणगान करताना समीक्षकाने एक अवघड गोष्ट नजरेआड करू नये. सम्राट ऑगस्टसच्या फर्मानामुळे घरदार सोडून निघालेल्या एका दरिद्री दांपत्याची ही कथा साष्टीत आली ती दुसऱ्या एका साम्राज्याच्या फर्मानांसह. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा यांना भाविकांनी नदीपार अंत्रूज महालात नेले. राजाच्या भयाने देवाला कवटाळून नदी ओलांडणारी माणसे! भागवतात वसुदेव, शुभवर्तमानात योसेफ, आणि सोळाव्या शतकात साष्टीचे गावकरी. स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मधील मृत्यूपर्यंत त्यांचे बहुतेक आयुष्य याच साष्टीत गेले. १५८३ चा कुंकळ्ळीचा रक्तपातही त्यांच्या तेथील वास्तव्यातलाच. ज्यांच्या घरातून देव गेले, त्यांच्यापुढे ते निराश्रित देवाची कथा गात होते. कवीची करुणा खरी आहे, आणि तिच्यामागे उभी असलेली सत्ताही खरी आहे. यांतील एकाच्या आधारे दुसऱ्याला पुसून टाकणारे वाचन, मग ते भक्तिभावाचे असो वा अभिनिवेशाचे, ग्रंथाला न्याय देत नाही.

सत्तेचे हे सावट दूर झाल्यावर तीच कथा कशी दिसते, हे नारायण वामन टिळकांच्या ‘ख्रिस्तायना’त पाहावयास मिळते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेणाऱ्या टिळकांवर कोणतेही फर्मान नव्हते. उलट किंमत त्यांनीच मोजली, आणि लक्ष्मीबाईंनी तर त्याहून अधिक. ‘स्मृतिचित्रे’ त्याची साक्ष आहेत. टिळकांनी आरंभीचे काही अध्याय लिहिले; १९१९ मध्ये ते निवर्तल्यावर पुढचा बहुतांश भाग लक्ष्मीबाईंनी रचिला, आणि ग्रंथ त्यांच्याही मृत्यूनंतर, १९३८ साली प्रकाशित झाला. स्टीफन्स यांच्या ग्रंथाला ‘पुराण’ हे नाव चिकटले, टिळकांनी ‘अयन’ निवडले. पुराण सांगायचे असते, अयन चालायचे असते. ज्या स्त्रीला नवऱ्याच्या धर्मांतराने घर असून बेघर केले, तिच्या हातून ही वाटचाल पुरी व्हावी, यात बेथलेहेमच्या वाटेचे जे मर्म उतरले आहे ते काव्यगुणांच्या तराजूत तोलता येणार नाही. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ अनेक ठिकाणी सपाट आहे, हेही येथेच नमूद केले पाहिजे. ओवीवरील प्रभुत्वात ते ‘ख्रिस्तपुराणा’च्या जवळपास येत नाही.

‘ख्रिस्तपुराणा’च्या संहितेचा प्रश्न मात्र अद्याप उरतो. १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांच्या आधारे, आणि त्यांचा मोठा आधार होता कानडा किनाऱ्यावरील ख्रिस्ती कुटुंबांचा. गोव्यातून स्थलांतरित झालेल्या याच समाजाला टिपू सुलतानाने १७८४ मध्ये कैद करून म्हैसूरजवळच्या श्रीरंगपट्टणास नेले होते. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १९०७ मध्ये, जे. एल. सालढाणा यांनी मंगळूरहून रोमन लिपीतील आवृत्ती काढली. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ ची, आणि फादर कारिदाद द्राग यांची १९९६ ची. यांखेरीज लंडनच्या मार्सडेन संग्रहात एक देवनागरी हस्तलिखित आहे, ज्यात रोमन पाठातील पोर्तुगीज-लॅटिन धर्मसंज्ञांच्या जागी संस्कृत शब्द आढळतात. मूळ पाठ यांपैकी कोणता, यावर जस्टिन अॅबट यांच्यापासून वाद चालू आहे. पाठचिकित्सेचा हा वाद केवळ संहितेपुरता नाही. एका पाठात बेथलेहेमचे बाळ परदेशी शब्दांच्या संगतीत जन्मते, दुसऱ्यात संस्कृत शब्दांच्या. जन्मकथेचे अवस्वर या दोन पाठांत ओवीगणिक समोरासमोर ठेवून वाचले, तर साष्टीच्या श्रोत्याने त्या गोठ्यात नेमका कोणता देव पाहिला असेल, हे अधिक नेमकेपणाने विचारता येईल.