यील्ड वाढलं, पण पावडरीत आहे काय?

समुद्री शेवाळावरचे पेपर वाचायला घेतलेत का? मग 'अल्ट्रासाउंडमुळे यील्ड लक्षणीय वाढलं' हे वाक्य लवकरच पाठ होईल. माझी तक्रार या 'यील्ड'बद्दलच आहे.

फ्युकॉयडन घ्या. सरगॅसमसारख्या तपकिरी शेवाळात (कोकणात खडकांवर दिसतं ते) असणारी ही सल्फेटयुक्त बहुशर्करा. रीत साधारण अशी: वाळलेलं शेवाळ दळायचं, अल्कोहोलने रंग आणि चरबी काढायची, गरम पाण्यात किंवा सौम्य आम्लात ठेवायचं, गाळायचं आणि त्यात इथेनॉल ओतायचं. तळाशी बसेल त्याचं वजन म्हणजे यील्ड. पण इथेनॉल काय फक्त फ्युकॉयडनला ओळखतं? अल्जिनेट, लॅमिनारिन, प्रथिनं, क्षार, सगळं कमीजास्त खाली येतं. अल्जिनेट कॅल्शियम क्लोराइडने आधी बाजूला करावं लागतं, क्षारांसाठी डायलिसिस. पहिल्या वर्षी मी डायलिसिस न करताच वजन केलं आणि जाम खूश झालो. मग राख मोजली, आणि गप्प बसलो.

हिशेब करून बघा. समजा, जुन्या पद्धतीने १०० ग्रॅम शेवाळातून ८ ग्रॅम पावडर आली, निम्मं फ्युकॉयडन, म्हणजे ४ ग्रॅम. नव्या पद्धतीने १२ ग्रॅम आली, पण फ्युकॉयडन ३० टक्केच. झाले ३.६ ग्रॅम. पेपरात मात्र 'यील्ड दीडपट'!

तुलनाही पुष्कळदा लंगडी असते. अल्ट्रासाउंडने द्रावण तापतं. शेजारचा कंट्रोल खोलीच्या तापमानाला ठेवला असेल, तर फरक ध्वनिलहरींचा की नुसत्या उष्णतेचा, कसं सांगणार? शिवाय जास्त वेळ ध्वनी दिला किंवा आम्ल तीव्र ठेवलं तर साखळ्या तुटतात. आम्लात सल्फेटही निघू शकतं, आणि रक्त गोठू न देण्याचा फ्युकॉयडनचा गुण बराचसा त्याच सल्फेटवर उभा आहे.

अगारवाले याबाबतीत शहाणे. ग्रॅसिलारियाला आधी अल्कली देतात. त्याने यील्ड बहुधा घटतं, पण सल्फेट जाऊन जेल घट्ट होतं. तो तोटा ते डोळे उघडे ठेवून सोसतात, कारण त्यांना जेल विकायचंय. तिथे सल्फेट नकोसं, इथे तेच हवं. म्हणजे 'सुधारणा' कशाला म्हणायचं, हे पदार्थ कशासाठी हवाय त्यावर ठरतं. हे पेपरच्या प्रस्तावनेत यायला हवं. बहुतेक ठिकाणी येत नाही.

मी आता ऑप्टिमायझेशनचे ते रंगीत थ्रीडी डोंगर सरळ ओलांडतो आणि फ्यूकोज, सल्फेट, राख, रेणुभार यांचा तक्ता शोधतो. कधी तो पुरवणी फाइलमध्ये दडलेला असतो, कधी नसतोच.