ईश्वरी विधि आणि ‘नियमशास्त्र’ : एक शब्दविचार

मराठी बायबलांत मोशेस मिळालेल्या ईश्वरी विधीस ‘नियमशास्त्र’ हा शब्द रूढ आहे. शब्द सुबोध खरा. परंतु मूळ कल्पनेचें वहन तो कितपत करतो, हें पाहणें अवश्य आहे. इ. स. १८३१ त मोरभट दांडेकर व जॉन विल्सन यांचा मुंबईंत वाद झाला. तेव्हांपासूनचे खंडनमंडनाचे ग्रंथ आपल्या संग्रहांत आहेत. विधीची कल्पनाच चुकली तर ते सगळे चुकीचे वाचले जातात.

मूळ हिब्रू शब्द ‘तोरा’, अर्थ शिकवण. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियास ग्रीक भाषांतर झालें, त्यांत ‘नोमॉस’, म्हणजे रूढि किंवा कायदा, हा प्रतिशब्द आला. इ. स. ४०० च्या सुमारास जेरोमनें लॅटिनांत ‘लेक्स’ योजिला. शिकवणीचा कायदा प्रथम पश्चिमेंतच झाला. तेवढ्यापुरता मराठी भाषांतरकारांकडे दोष नाहीं.

आतां समासाचे अवयव पाहूं. ‘शास्’ धातूंत आज्ञा व शिकवण हे दोन्ही अर्थ आहेत. म्हणून उत्तरपद तोरेच्या निकट जातें. घात होतो तो पूर्वपदानें. योगशास्त्रांत नियम म्हणजे शौचसंतोषादि, साधकानें स्वतः पाळावयाचे. मीमांसेंत नियमविधि म्हणजे अनेक पर्याय संभवत असतां एकच ठरवून देणारा विधि. दोहोंतहि आज्ञा देणाऱ्या ईश्वराची अपेक्षा नाहीं.

पाश्चात्त्य कल्पनेचा प्राण तर तोच आहे. तेराव्या शतकांतील थॉमस अक्वायनसानें विधीचे शाश्वत, नैसर्गिक, मानवी व ईश्वरी असे भेद केले. परंतु विधि म्हटला कीं लोकहितासाठीं तो प्रकट करणारा समाजाचा धुरीण हवाच, असें त्याचें लक्षण आहे. शास्त्याविना शासन नाहीं. जैमिनीच्या अनुयायांस वेद अपौरुषेय. तेथें चोदना आहे, चोदक पुरुष नाहीं. ‘शास्त्र’ हा शब्द ऐकतांच आपला पंडित ही दुसरी कल्पना मनांत आणतो, आणि वादी-प्रतिवादी निरनिराळ्या विषयांवर बोलूं लागतात. उलट बाजूनेंहि असेंच झालें. इ. स. १७९४ त विल्यम जोन्सचें मनुस्मृतीचें इंग्रजी भाषांतर निघालें, तें ‘हिंदु कायदा’ या नांवानें. आणि धर्माचा कायदा झाला.

फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाची (राचोल, १६१६) रीत मला अधिक मार्मिक वाटते. पहिल्या पुराणांत जुन्या कराराची कथा ओवीबद्ध आहे. ओवी ऐकणाऱ्यास विधीच्या आधीं विधि देणारा भेटतो. एका पारिभाषिक शब्दावर सगळा भार पडत नाहीं. गोव्याचे ख्रिस्ती लोक दहा आज्ञांस ‘उपदेस’ म्हणतात, तेंहि तोरेच्या अर्थाशीं जुळतें.

लंडनच्या मार्सडन संग्रहांतील ख्रिस्तपुराणाच्या नागरी प्रतींत रोमन प्रतींतल्या पोर्तुगीज शब्दांच्या ठिकाणीं संस्कृत शब्द आले आहेत. एकाच ग्रंथांत एवढा पालट होतो. तेव्हां संग्राहकांस विनंति कीं, ख्रिस्ती पोथ्या व जुनीं चोपडीं उतरतांना आज्ञा, उपदेश, धर्म, शास्त्र यांपैकीं जो शब्द आढळेल तो जसाच्या तसा, सालासह, टिपावा. शुद्ध करूं नये. ती अशुद्धताच येथें पुरावा आहे.

सांगवी, ता. बारामती