अपात्र हातांतील भाकर

'धर्मगुरूंचे स्वतःचेच वर्तन असे. मग त्यांच्या हातून ख्रिस्तप्रसाद घेण्यात काय अर्थ?' हा प्रश्न आज आपल्या कुटुंबांतून, दबक्या आवाजात का होईना, विचारला जातो. त्यामागे उद्धटपणापेक्षा दुखावलेली श्रद्धाच अधिक असते. म्हणून त्याला उपदेशाने उत्तर देण्याऐवजी आम्ही येथे एका कादंबरीकडे वळू इच्छितो. ग्रॅहॅम ग्रीन या इंग्रज कॅथलिक लेखकाची 'द पॉवर अँड द ग्लोरी' ही कादंबरी १९४० साली प्रसिद्ध झाली. देणारा हात मलिन असला तर दानही मलिन होते काय, हाच तिच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

कादंबरीला पार्श्वभूमी आहे ती मेक्सिकोतील धर्मछळाची. तेथील ताबास्को राज्यात तोमास गार्रिदो कानाबाल यांच्या राजवटीत चर्चे पाडली गेली, धर्मगुरूंवर विवाहाची सक्ती झाली, मद्यावरही बंदी आली. १९३८ साली ग्रीन यांनी त्या प्रदेशात प्रवास केला होता. कादंबरीतील राज्यात लपतछपत सेवा करणारा एकच धर्मगुरू उरला आहे. लेखकाने त्याला नावही दिलेले नाही. तो दारूच्या आहारी गेलेला आहे, त्याला एक मुलगी आहे आणि मरणाचे भय त्याची पाठ सोडीत नाही. आपण महापापात आहोत हे त्याला पुरते ठाऊक आहे. परंतु त्याचे पापनिवेदन ऐकेल असा दुसरा धर्मगुरू त्याच्या वाटेवर नाही.

पोलीस गावाच्या दिशेने येत असताना हा मनुष्य पहाटे एका झोपडीत मिस्सा अर्पण करतो. चषकाच्या जागी टवका उडालेला कप असतो. कित्येक वर्षांनंतर त्या गरिबांमध्ये प्रभू देहरूपाने येतो, आणि येतो तो अशा मनुष्याच्या शब्दाने! पुढे राजधानीत तो जवळच्या पैशांतून द्राक्षारसाची एक बाटली चोरून विकत घेतो. सोबत थोडी ब्रँडीही घेतो. परंतु विकणारा आणि त्याचा सोबती यांना पेल्यांचा मोह आवरत नाही. हा रस कशासाठी हवा आहे, हे धर्मगुरूला सांगता येत नाही. त्याच्या डोळ्यांदेखत द्राक्षारस संपतो. ब्रँडी उरते, पण तिने मिस्सा होत नाही. तो रडू लागतो आणि इतरांना वाटते, की त्याला नशा चढली आहे.

आमच्या मते हा प्रसंग कादंबरीचा गाभा आहे. आकाश व पृथ्वी निर्माण करणारे सामर्थ्य येथे एका बाटलीवर, एका भित्र्या मनुष्याच्या जिभेवर अवलंबून राहिले आहे. दैवी सामर्थ्यावरील विश्वास म्हणजे संकट टळेलच अशी खात्री, असे आपण पुष्कळदा धरून चालतो. ग्रीन मात्र असहाय होण्यास न लाजणारे सामर्थ्य दाखवितात. त्यावर विश्वास ठेवणे अधिक कठीण असते.

देणाऱ्याच्या अपात्रतेने संस्कार निष्फळ होत नाही, ही शिकवण ग्रीन यांची नव्हे. दोनातवाद्यांना उत्तर देताना संत ऑगस्टीन यांनी ती मांडली. १५४७ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ती निःसंदिग्ध शब्दांत जाहीर केली. परंतु हिचा अर्थ धर्मगुरूच्या अपराधावर पांघरूण घालावे असा मुळीच नाही. संस्कार खरा राहतो. अपराधही खराच राहतो आणि पीडितांचा न्यायाचा हक्कही. १९५३ साली रोमने या पुस्तकाबद्दल नापसंती कळविली. पुढे १९६५ साली पोप सहावे पॉल यांनी मात्र ग्रीन यांना भेटीत धीर दिला. रोमची काळजी अगदीच निराधार होती असे आम्हांस वाटत नाही. कच्च्या वाचकाला दुर्बलता हीच पवित्रता वाटू शकते.

आमचा आक्षेप मात्र वेगळा आहे. ग्रीन यांना भाविकता सहन होत नाही. कोठडीतील धार्मिक स्त्री असो वा मुलांना हुतात्म्याचे चरित्र वाचून दाखविणारी आई असो, त्यांच्या वाट्याला लेखकाचा उपहासच अधिक येतो. परंतु धर्मगुरू नसलेल्या काळात श्रद्धा जिवंत ठेवतात त्या अशाच माताभगिनी. कादंबरीच्या शेवटी रात्री नवा धर्मगुरू दार ठोठावतो, तेव्हा ते उघडणारा मुलगा याच आईच्या घरातला असतो. लेखकाने जिची थट्टा केली, तिचेच घर त्याच्या कथेला अखेर उपयोगी पडते.

देणारा सदैव मलिनच असतो असेही नाही. डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना मज्जाव केलेल्या श्रीलंकेत १६८७ साली गोव्याचे जोसेफ वाझ वेषांतर करून शिरले आणि १७११ साली कँडी येथे मरण पावेपर्यंत तेथील विखुरलेल्या श्रद्धावंतांची सेवा करीत राहिले. २०१५ साली त्यांना संतपद मिळाले. ग्रीन यांचा नायक आणि हा संत यांत केवढे अंतर! तरीही दोघांच्या हातून मिळणारा प्रसाद एकच.

मग देणाऱ्याची पात्रता पाहून वेदीजवळ जावे की न जावे, हे ठरवायचे कसे? करिंथकरांस लिहिताना संत पौलाने भाकर खाण्यापूर्वी परीक्षा करावयास सांगितली आहे, ती ज्याची त्याने स्वतःची. झोपडीतील त्या लोकांनी धर्मगुरूचे तोंड पाहिले नाही. त्यांना भूक होती. आपल्या धर्मग्रामात रविवारी मिस्सा होते, द्राक्षारस कमी पडत नाही, दारात पोलीस नसतात. ती भूक आपल्याला आहे काय, एवढेच ही कादंबरी मिटताना आम्हांस स्वतःला विचारावेसे वाटले.