औंधचे बेट आणि त्याचे तीन साक्षीदार

लहानशा लोकराज्याने बलाढ्य शेजाऱ्यापुढे कोणत्या बळावर उभे राहावे, हा प्रश्न राजनीतीइतकाच जुना आहे. आज तैवानच्या निमित्ताने त्याची चर्चा पुन्हा सर्वत्र चालू आहे. तेथील लोक १९९६ पासून आपला राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्ष मतदानाने निवडतात, आणि सामुद्रधुनीपलीकडील चीन त्या बेटावर आपला हक्क सांगतो. ह्या चर्चेत बहुधा जहाजे, विमाने आणि मित्रराष्ट्रे ह्यांचीच मोजदाद असते. ती अनावश्यक आहे असे कोणताही सुज्ञ मनुष्य म्हणणार नाही. तथापि ज्याचे रक्षण करावयाचे ते लोकराज्य म्हणजे नेमके काय, हा विचार त्या मोजदादीत मागे पडतो.

ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस ह्याने आपल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात मेलॉस बेटाची हकीकत दिली आहे. इ. स. पूर्व ४१६ मध्ये अथेन्सचे आरमार त्या बेटावर चालून गेले. न्यायाची भाषा समबलांनीच एकमेकांत बोलावी, दुर्बलाने आपला जीव वाचवावा, असा अथेन्सच्या वकिलांचा रोकठोक युक्तिवाद होता. मेलॉसने देवांवर व स्पार्टावर भरवसा ठेवला; स्पार्टा आले नाही. बेट पडले, पुरुष मारले गेले, बायकामुले गुलाम म्हणून विकली गेली. हा युक्तिवाद सर्वांच्या लक्षात राहतो. परंतु हकीकतीच्या आरंभीच एक बारीक गोष्ट आहे, तिजकडे वाचकाचे लक्ष क्वचित जाते. मेलॉसच्या सत्ताधाऱ्यांनी अथेन्सच्या वकिलांस लोकांच्या सभेपुढे येऊच दिले नाही; मूठभर अधिकाऱ्यांपुढेच सारे बोलणे झाले. मेलॉसवर थोड्यांचे राज्य होते, आणि लोकसत्ताक होते ते आक्रमक अथेन्स! म्हणजे घरात लोकशाही असली म्हणून शेजाऱ्याशी वर्तन न्यायाचे असेलच असे नाही, हा एक धडा. आणि जे मेले त्यांस कोणी विचारलेच नव्हते, हा दुसरा. हा दुसरा धडा मनात धरून मी आपल्या महाराष्ट्रातील एका बेटाकडे वळतो.

ते बेट म्हणजे औंध. समुद्रापासून दूर असलेल्या ह्या संस्थानास बेट म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. सुमारे ५०१ चौरस मैलांचा मुलूख आणि ७२ गावे. तीही सलग नव्हेत. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडील गुणदाळ असे त्याचे तालुके परमुलखात विखुरलेले होते. १९४१ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या नव्वद हजारांच्याही आतच भरली. भोवती ब्रिटिश साम्राज्याचा विस्तार. अशा ह्या चिमुकल्या राज्याचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी, ज्यांस मराठी घरे सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून ओळखतात, त्यांनी नोव्हेंबर १९३८ मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. गांधीजींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद ह्या पोलिश अभियंत्याच्या परिश्रमाने राज्यघटना सिद्ध झाली, व जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. गावकऱ्यांनी निवडलेली पाच जणांची पंचायत हा तिचा पाया. पंचायतींतून तालुका, आणि तालुक्यांतून विधिमंडळ. शेजारच्या ब्रिटिश मुलखात मतदानाचा हक्क मालमत्तेच्या व शिक्षणाच्या मापाने मोजला जात होता, त्या काळातील ही गोष्ट आहे, हे विसरता कामा नये.

ह्या लोकराज्याचे महत्त्व १९४२ साली कसास लागले. आम्हां नंदुरबारकरांस त्या वर्षाचे स्मरण वेगळ्या कारणाने आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी आमच्या माणिक चौकात ध्वज घेऊन निघालेल्या मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती तेथे पडले. ब्रिटिश मुलखात कायदा असा बोलत होता. औंधच्या हद्दीत मात्र त्याच दिवसांत भूमिगत कार्यकर्त्यांस आसरा मिळे. पुढे साताऱ्याच्या प्रतिसरकारचे एक बळकट ठाणे झाले ते औंधच्याच कुंडल गावात. औंधचा आणि आमच्या खानदेशाचा धागाही येथेच जुळतो. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाणे येथे लुटला गेला, त्या धाडसाचे एक नायक कुंडलचे जी. डी. लाड होते. प्रतिसरकारची सर्वच कृत्ये निर्दोष होती असे नाही, आणि औंधच्या पंचायतींतूनच ते जन्मले असा सिद्धान्त मांडण्यास आधारही नाही. परंतु सत्ता आपली असू शकते, हे ज्या गावांनी कागदावर नव्हे तर चावडीत पाहिले होते, त्यांची छाती निराळी असणार, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

ह्या प्रयोगाचे तीन साक्षीदार मजपुढे आहेत. पहिले आप्पासाहेब पंत. भवानरावांचे चिरंजीव, प्रयोगातील कर्ते भागीदार व पुढे भारताचे राजदूत. त्यांचे ‘अ‍ॅन अनयूझ्युअल राजा’ हे इंग्रजी पुस्तक १९८९ मध्ये निघाले. दुसऱ्या इंदिरा रॉदरमुंड. त्यांचा ‘द औंध एक्सपेरिमेंट’ हा अभ्यासग्रंथ १९८३ चा. तिसरे व्यंकटेश माडगूळकर; औंध संस्थानातच जन्मलेले, आणि १९५५ मध्ये ‘बनगरवाडी’ लिहून गेलेले. ह्या तिसऱ्या नावाने वाचक थबकतील. कादंबरीस साक्षीस का बोलवावे, ते पुढे सांगतो.

आप्पासाहेबांच्या पुस्तकाचा मोठा गुण म्हणजे जिव्हाळा, आणि त्यातूनच त्याचा दोष उपजतो. पुस्तकाचे नावच राजावरून आहे. पुत्राने पित्याविषयी लिहिताना असे होणे स्वाभाविक होय; परंतु त्यामुळे लोकराज्य ही एका उदार पुरुषाने दिलेली देणगी ठरते. देणगी घेणाऱ्याचे काम कृतज्ञ राहण्याचे. ती राखण्याचा अधिकार त्याच्याकडे कोठून येतो? भवानरावांचा त्याग मोठा होता ह्यात शंका नाही. हाती असलेली सत्ता आपण होऊन सोडणारे राजे इतिहासात थोडे. परंतु त्यागाची थोरवी गाताना घेणाऱ्यांनी त्या सत्तेचे काय केले, हा प्रश्न दुय्यम होऊ लागतो. रॉदरमुंडबाईंचा ग्रंथ भक्तीचा नाही, अभ्यासाचा आहे, आणि औंधची घटना समजून घेऊ इच्छिणाऱ्यास तो टाळता येणार नाही. तथापि त्याचेही उपशीर्षक ह्या लोकशाहीस ‘गांधीप्रणीत’ म्हणून ओळखते. एका साक्षीत राजा, दुसरीत महात्मा! आटपाडीचा धनगर आणि कुंडलचा शेतकरी ह्यांस ह्या दोन्ही मुखपृष्ठांवर जागा नाही.

ती जागा त्यांस ‘बनगरवाडी’त मिळते. ही राज्यघटनेवरची कादंबरी नव्हे, तीत सिद्धान्त नाहीत. आणि म्हणूनच तिची साक्ष अधिक विश्वासाची. संस्थानने नेमलेला एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, तो शाळा रिकामी. मुले मेंढरांमागे. कारभाऱ्याचा शब्द हाच तेथला कायदा. मास्तराने मने जोडावी, लोकांनी श्रम करावे आणि वाडीची तालीम उभी राहावी, एवढाच तो पराक्रम. ती पाहण्यास पंतसरकार येतात, तो दिवस वाडीच्या आयुष्यातला मोठा दिवस. येथे राजा आहे, पण तो पाहुणा आहे. घर वाडीचे आहे. लोकराज्य म्हणजे काय, हे ह्या प्रसंगाइतके घटनेची कलमे मला सांगत नाहीत. माडगूळकरांचे मोठेपण असे की, ते येथेच थांबत नाहीत. दुष्काळ येतो, वाडी ओस पडते, मास्तरही निघून जातो. राजाचा सद्भाव, मास्तराची तळमळ आणि लोकांचे श्रम, तिन्ही असूनही वाडी टिकत नाही. ज्या समाजाच्या पोटाचा आधार तुटला त्यास केवळ चांगले राज्य तारीत नाही, हे कटू सत्य पहिल्या दोन साक्षींत इतक्या स्पष्टपणे हाती लागत नाही.

आता ह्या बेटाचा शेवट. ८ मार्च १९४८ रोजी औंध दक्षिणेतील इतर संस्थानांसह मुंबई प्रांतात विलीन झाले. येथे बलाढ्य शेजारी शत्रू नव्हता. तो आपलाच, नुकताच स्वतंत्र झालेला देश होता. म्हणूनच हा प्रसंग मेलॉसहून अवघड आहे. विलीनीकरण योग्य होते, असे माझे मत आहे. विखुरलेल्या ७२ गावांचे निराळे राज्य स्वतंत्र भारतात ठेवण्यात अर्थ नव्हता, आणि संस्थानांच्या सीमा ह्या लोकांनी आखलेल्या नव्हत्याच. परंतु विलीनीकरणाच्या करारास सही लागत होती ती संस्थानिकाची, पंचायतींची नव्हे. ज्या राजाने सत्ता दहा वर्षांपूर्वी सोडली, त्याच्याच सहीने ती हस्तांतरित व्हावी, ह्यातील विसंगती उघड आहे. औंधच्या पुरस्कर्त्यांचा खेद बहुधा असतो तो राज्य गेल्याचा. मला विचाराल तर सीमा गेली ह्याचे दुःख नको. गावाच्या हातचा अधिकार सीमेबरोबर गेला, त्याचे हवे. मोठ्या राज्यात तो राखता आला असता. पंचायतींस घटनेत पक्के स्थान देणारी ७३ वी दुरुस्ती अमलात येण्यास १९९३ साल उजाडावे लागले.

हा विचार नंदुरबारात बसून करताना तो केवळ इतिहासाचा राहत नाही. आमच्या जिल्ह्यातील अक्राणी, अक्कलकुवा, तळोदे आणि नवापूर हे तालुके पाचव्या अनुसूचीत आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथे रूढीने आपला कारभार पाहणाऱ्या पाड्यासही गावाचा दर्जा मिळू शकतो, आणि ग्रामसभा ही त्याची सत्ता. डोंगरातील असा एकेक पाडा हे एक चिमुकले लोकराज्यच होय, आणि त्याचा बलाढ्य शेजारी म्हणजे आपले सरकार व आपणच. ह्या कायद्यापूर्वी काय घडले ते सर्वश्रुत आहे. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १९७९ मध्ये झाला, त्यात पक्षकार होती ती राज्ये. सरदार सरोवराच्या पाण्याने मणिबेलीसह अक्राणी व अक्कलकुव्याची ३३ गावे बाधित झाली. ती त्या वादात पक्षकार नव्हती. वकिलांचे बोलणे अधिकाऱ्यांशीच झाले, ते मेलॉसला नव्हे, येथे. कायद्यानंतरही जमीन संपादण्यापूर्वी ग्रामसभेचा वा पंचायतीचा विचार घ्यावा, एवढेच पेसा म्हणतो. सल्ला आणि संमती ह्यांत जे अंतर आहे, त्यात एखादे गाव सहज बुडू शकते.

उलट उदाहरणही आपल्याच देशात आहे. ओडिशातील नियमगिरीच्या १२ ग्रामसभांस २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने विचारले गेले, आणि बाराही ग्रामसभांनी डोंगर खणण्यास नकार दिला. तो नकार मानला गेला. त्यांच्याजवळ ना आरमार होते ना मित्रराष्ट्र. त्यांस विचारण्यात आले होते, आणि उत्तर देण्याची सवय त्यांच्या अंगी होती. दोहोंपैकी एक नसते तर दुसऱ्याचा उपयोग झाला नसता.

औंधच्या तिन्ही साक्षीदारांचे ऋण मान्य करून चौथ्याची उणीव मला भासते. पंचायतीत बसलेल्या गावकऱ्याने आपल्या शब्दांत सांगितलेली त्या दहा वर्षांची हकीकत मजपुढे नाही. गावोगावच्या दफ्तरांत आणि म्हाताऱ्यांच्या नातवंडांच्या आठवणींत तिचे जे तुकडे असतील, ते कोणा तरुण अभ्यासकाने वेचावे. बलाढ्य शेजाऱ्यापासून लहान लोकराज्य राखावयाचे झाल्यास प्रथम त्या लोकांचा आवाज ऐकावा लागतो, आणि जो आवाज नोंदलाच गेला नाही त्याच्या बाजूने उभे तरी कोणी कसे राहावे?